सुई कुठे थांबवायची: एका बीसीडी जॅकेटच्या दुरुस्तीचं प्रकरण

आमचं काम मुळात ट्रेकिंगच्या सॅक, तंबू आणि कॅमेऱ्याच्या बॅगांचं. पुण्यात या कामाला तोटा नाही. राजगड-तोरणा करून आलेल्या सॅकचे खांद्याचे पट्टे, रनर, चेन, तळाची ठिगळं असं वर्षभर काहीतरी मशीनवर असतंच. गेल्या एप्रिलमध्ये मात्र एक वेगळी वस्तू आली. तिने आमची सुई आणि विचार करायची सवय अशी दोन्ही तपासून पाहिली, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहितोय.

सोमवारी संध्याकाळी दुकान आवरताना तिशीतला एक डायव्हिंग इन्स्ट्रक्टर आला. आठवडाभर पुण्यातल्या एका पोहण्याच्या तलावात पोरांना शिकवायचं आणि ऑक्टोबर ते मे त्यांना घेऊन मालवणला जायचं, हा त्याचा क्रम. त्याने काउंटरवर स्कूबाचं जॅकेट ठेवलं. डायव्हर त्याला बीसीडी म्हणतात. सिलिंडर पाठीशी याच जॅकेटला बांधलेला असतो. सिलिंडरमधली हवा बटण दाबून जॅकेटमध्ये भरली की माणूस तरंगतो, सोडली की खाली जातो.

"काका, एवढा खिसा टिपून द्या फक्त. शुक्रवारी रात्री निघायचंय."

उजव्या बाजूचा वजनाचा खिसा, म्हणजे पाण्याखाली जाता यावं म्हणून शिसं ठेवायचा खिसा, अर्धा लोंबत होता. फेब्रुवारीत तो एकदा उसवला होता, तेव्हा त्याने दुसरीकडे शिवून घेतला होता आणि आता तो त्याच जागी परत फाटला होता. मी जॅकेट उलटंपालटं करत होतो, तेवढ्यात तो सहज म्हणाला, "आणि हो, हल्ली पाण्यावर पाच-सात मिनिटं थांबलं की जॅकेट मऊ पडतं. पण त्याचं तुमच्याकडे काही नाही. व्हॉल्व्ह सर्व्हिसला टाकणार आहे."

त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या तक्रारी होत्या. मी विचारलं, मऊ पडायला कधी लागलं? थोडा विचार करून तो म्हणाला, "मार्चपासून असेल." खिसा शिवला फेब्रुवारीत आणि हवा जायला लागली मार्चमध्ये. तिथेच मी मशीनचा स्विच बंद केला आणि त्याला सांगितलं, शुक्रवार विसर.

थोडं कापडाविषयी बोलायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बीसीडी दोन तऱ्हांनी बांधलेलं असतं. काहींमध्ये बाहेर जाड कापडाचं कव्हर असतं आणि आत हवेची वेगळी पिशवी, फुटबॉलमध्ये ब्लॅडर असतो तशी. ती पिशवी बाहेर काढून ठेवली की कव्हरवर खुशाल टीप मारता येते. दुसऱ्या तऱ्हेत आत वेगळी पिशवी नसते, कापडच हवा धरतं. नायलॉनच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा थर चिकटवलेला असतो आणि कापडाचे दोन पत्रे कडेने उच्च वारंवारतेच्या वेल्डिंगने जोडलेले असतात. त्या जोडात एकही टाका नसतो. वेल्डच्या बाहेर बोटभर रुंदीची एक मोकळी पट्टी उरते. खिसे, पायपिंग, कमरेचा पट्टा असं जे काही शिवायचं ते त्या पट्टीवर. सुई पट्टीवर आहे तोवर ती शिलाई असते. वेल्ड ओलांडून आत गेली की प्रत्येक टाका हे पंक्चर असतं.

हे जॅकेट दुसऱ्या तऱ्हेचं होतं. हवेच्या भागाला ४२० डेनियर, खिशांना आणि तळाला १००० डेनियर. ९००० मीटर धागा जितके ग्रॅम भरतो तितकं त्याचं डेनियर, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे धागा जाड. गिऱ्हाईक हा आकडा पाहून कापड मजबूत की कच्चं ते ठरवतं. पण हवा धागा अडवत नाही, आतला थर अडवतो. वरून कापड झिजून मऊ केसाळ झालं तरी आतला थर शाबूत असेल तर जॅकेट चालतं. उलट बाहेरून कोरं करकरीत दिसणारं जॅकेट आतून सुटलेलं असू शकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी केली. आधी तळाचा डम्प व्हॉल्व्ह, म्हणजे हवा सोडायची झडप, उघडून जॅकेट उलटं धरलं, तर अर्धा मग खारं पाणी निघालं आणि त्यात बारीक रेतीही होती. तळहाताने कापड चोळलं की आत करकर व्हायची. वाळलेल्या मिठाचे खडे घडीत अडकले की ते थराला आतून घासत राहतात. तो म्हणाला, बाहेरून दर वेळी धुतो. आतूनही धुवायचं असतं हे त्याला माहीत होतं, पण मालवणहून रात्रभर गाडी हाकून परतल्यावर ते राहून जायचं.

मग तोंडाने हवा भरली आणि जॅकेट पाण्याच्या टबात दाबलं. उजव्या खिशाच्या कडेने बुडबुड्यांची एक ओळ वर आली, उदबत्तीच्या धुरासारखी सरळ आणि संथ. आमच्या मास्तरांनी पांढऱ्या पेन्सिलीने जागा आखली. जुनी शिलाई उसवल्यावर चित्र स्पष्ट झालं. आधी ज्याने शिवलं होतं त्याने खिसा पक्का बसावा म्हणून टीप पट्टीवरून सुरू करून वेल्डच्या आत वळवली होती. सुमारे चार सेंटिमीटरचा कमानीसारखा तुकडा हवेच्या भागातून गेला होता. त्या शिवणाऱ्याची कारागिरी वाईट नव्हती. टाके एकसारखे होते, दोरा जाड होता. कापडाच्या पलीकडे काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. दोरा होता तोवर छिद्रं बऱ्यापैकी बुजलेली होती, म्हणून हवा लगेच न जाता हळूहळू जायला लागली.

दोरा काढल्यावर दुकानातले दिवे बंद केले, शटर अर्धं ओढलं आणि डम्प व्हॉल्व्हच्या भोकातून छोटी एलईडी टॉर्च आत सरकवली. गडद निळ्या कापडावर प्रकाशाचे ठिपके उमटले. मास्तरांनी सुईच्या टोकाने एकेक मोजला. चौदा. कमानीत बसवलेले, सारख्या अंतरावर. आम्ही दोघं बराच वेळ ते ठिपके पाहत राहिलो. हे जॅकेट घालून कुणीतरी समुद्रात उतरत होतं.

यावर कुणी म्हणेल, जॅकेटात असा दाब तरी किती असतो? खरंच फार नसतो. जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह साधारण दोन पीएसआयच्या आसपास उघडतो. स्कूटरच्या टायरमध्ये याच्या दहापटीहून जास्त दाब असतो. खोल गेल्यावरही आतबाहेरच्या दाबातला फरक वाढत नाही, कारण बाहेरून पाणीही तितकंच दाबतं. पण १८ मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या २.८ पट असतो. तिथे जॅकेटमधून गेलेली एक लिटर हवा भरून काढायची तर सिलिंडरमधून पृष्ठभागावरची २.८ लिटर हवा खर्च होते. म्हणजे गळती श्वासाच्या हवेतून कापली जाते. आणि वर आल्यावर बोट यायची वाट बघत, पाठीवर सिलिंडर घेऊन तरंगायचं असतं, तेव्हा माणसाचा सगळा भरवसा या कापडावर असतो.

खिसा का फाटतो

छिद्रं बुजवणं सोपं होतं. पण खिसा दोनदा त्याच जागी का फाटला, हे न समजता बुजवणं म्हणजे पुढच्या हंगामासाठी तीच चूक शिल्लक ठेवणं. खिशात तो चार किलो शिसं ठेवायचा. जॅकेट पाण्यात असताना ते वजन फारसं जाणवत नाही. पण तलावात शिकवताना तो दिवसातून वीसेक वेळा काठावर बसायचा, उठायचा आणि बाहेर उचललेलं सगळं वजन खिशाच्या वरच्या कोपऱ्यातल्या एका टिपेवर यायचं. ती टीप आठ मिलिमीटर उरलेल्या पट्टीवर होती. पट्टी झिजून विरविरीत झाली होती. म्हणून आधीच्या शिवणाऱ्याने मजबूत कापड शोधत सुई आत नेली असणार.

तेव्हा आम्ही ठरवलं की वजन पट्टीवर ठेवायचंच नाही. कमरेचा नायलॉनचा रुंद पट्टा जॅकेटच्या मागच्या, सिलिंडर टेकायच्या कडक पाटीला अडकवलेला होता, म्हणजे ओढ सहन करायला तो आधीपासून तयारच होता. रविवार पेठेतून ५० मिलिमीटरची नवार आणली. तिचे दोन तुकडे केले आणि टोकं मेणबत्तीवर जाळून घेतली, नाहीतर नायलॉन धाग्याधाग्याने सुटतं. हे तुकडे खिशाच्या पाठीला चौकोन आणि त्यात फुली अशा शिलाईने जोडून त्यांचे फासे केले. कमरेचा पट्टा त्या फाशांतून ओवला. आता शिसं पट्ट्याला लटकतं. जॅकेटच्या पट्टीवर फक्त एक हलकी टीप उरली, खिसा हलू नये इतकीच. दोरा पॉलिएस्टरचा घेतला, सुई १८ नंबर. नायलॉनचा दोरा ताणाला चांगला असतो, पण तलावाचं क्लोरीन आणि समुद्रावरचं ऊन यांत पॉलिएस्टर जास्त टिकतो.

इथे एक गोष्ट आमच्याकडून सुटली असती. मास्तरांनी खिशाचं तोंड इतकं पक्कं केलं की आतली वजनाची थैली ओढायला दोन हात लागले. मास्तरांची सवय सॅकची. तिथे खिसा घट्ट असणं हाच गुण. पण संकटात डायव्हरला एका हिसक्यात वजन टाकून देता आलं पाहिजे, त्यासाठीच ती थैली सुटी असते. इन्स्ट्रक्टर मधल्या एका संध्याकाळी बघायला आला होता. त्याने थैली ओढून पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "मास्तर, हे असं नको. हे सुटलं नाही तर माणूस वर येणार नाही." मास्तरांनी काही न बोलता वरची टीप उसवली. जुना वेलक्रो मेलेला होता, तो काढून पुरेशी पकड असलेला नवा लावला. मग चार किलो भरून दहा वेळा एका हाताने ओढून पाहिलं. दहाही वेळा थैली निघाली.

चौदा छिद्रं

जॅकेट कोमट पाण्याने आतून-बाहेरून तीनदा धुतलं आणि पंख्याखाली दोन दिवस उलटं टांगलं. उन्हात नाही. छिद्रांभोवती कुणीतरी चपलेचं सोल्यूशन फासलेलं होतं. ते थिनरने पुसायचा मोह होतो, पण थिनर पॉलियुरेथेनच्या थरालाच मऊ करतो. आम्ही खोडरबराने घासून घासून ते सुटं केलं. अर्धा दिवस गेला. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं.

चिकटवायला ॲक्वासील वापरलं. हा युरेथेनचा गोंद वाळल्यावर रबरासारखा लवचीक राहतो, म्हणून कापडाबरोबर वाकतो. त्यातला खरा भाग असा की गोंद वरून लावला तर तो वरच राहतो, छिद्रात उतरत नाही. म्हणून जॅकेटमधली हवा नळीतून थोडीशी ओढून घ्यायची. आत हलकी पोकळी झाली की गोंद स्वतःहून छिद्रात ओढला जातो. पण त्याने पुढची आणि मागची भिंत एकमेकींना चिकटायची भीती असते. आम्ही डम्प व्हॉल्व्हच्या भोकातून पॉलिथीनची गुंडाळलेली पट्टी आत सरकवून कमानीखाली पसरली. पॉलिथीनला हा गोंद धरत नाही. मास्तरांनी गोंद लावला, मी नळी ओढली. पाहता पाहता चौदाही ठिकाणी गोंदावर सुईच्या टोकाएवढे खळगे पडले. तिथेच थांबायचं असतं. आणखी ओढलं तर गोंद आरपार जातो. मग वरून मिलिमीटरभर जाडीचा एकसंध थर दिला, कडेने एक सेंटिमीटर जास्त.

हा गोंद हवेतल्या दमटपणावर वाळतो. एप्रिलमधल्या पुण्याच्या कोरड्या हवेत तो फार हळू घट्ट होतो. आम्ही खोलीत ओलं पोतं टांगलं आणि पूर्ण दिवस हात लावला नाही. उरलेली ट्यूब घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवतो, नाहीतर आठवड्यात दगड होते.

तळाची झीज वेगळ्या जातीची होती. तळहाताएवढ्या भागात वरचा धागा केसाळ झाला होता, पण आतला थर शाबूत होता, टॉर्चने एकही ठिपका दिसला नाही. ही झीज समुद्राची नव्हती, तलावाच्या काठावरच्या खडबडीत शहाबादी फरशीची होती. तिथे १००० डेनियरचं ठिगळ गोल कोपरे कापून गोंदाने चिकटवलं. टीप मुळीच नाही. गोल कोपरे अशासाठी की टोकदार कोपरा आधी उचकटतो.

पंधरावं

सातव्या दिवशी संध्याकाळी जॅकेट पूर्ण फुगवून ठेवलं. सकाळी ते किंचित मऊ लागलं. लगेच घाबरायचं कारण नव्हतं. संध्याकाळी खोलीत ३५ अंश, पहाटे २३. एवढ्या फरकाने आतली हवा चारेक टक्के आकसते. तपासायचं तर त्याच तापमानाला तपासावं. संध्याकाळपर्यंत थांबलो. पुन्हा ३५ अंश झाले तरी जॅकेट मऊच होतं.

टबात दाबलं. कमान कोरडी, ठिगळ कोरडं, आणि तरी उजव्या खिशाच्या वर तशीच संथ ओळ. एक क्षण वाटलं की गोंद फसला. मग मास्तर म्हणाले, "साहेब, पाटी काढू का?" सिलिंडर टेकतो ती प्लास्टिकची कडक पाटी आम्ही काढलीच नव्हती. ती चार स्क्रूंनी बसवलेली होती. काढली तर खाली रेतीचा पातळ थर आणि कापडावर घासून झालेली बारीक भेग. तिथून निघालेली हवा पाटीखालून सरकत खिशाजवळ बाहेर पडायची. पहिल्या दिवशी बुडबुडे जिथे दिसले तिथेच छिद्र असणार, असं मी गृहीत धरलं होतं. आणि चौदा ठिपके सापडल्यावर मी शोधणं थांबवलं. टॉर्चच्या वेळी पाटी आड असल्याने पंधरावा ठिपका दिसणं शक्यच नव्हतं. आता फुगणारं काहीही आलं की पाटी, पट्टा, बकल सगळं उतरवल्याशिवाय आम्ही टब भरत नाही.

पाटी का हलत होती याचंही उत्तर मिळालं. सिलिंडरचा पट्टा नायलॉनचा होता आणि नायलॉन भिजलं की ढिलं पडतं. म्हणून हा पट्टा आधी भिजवून मग आवळायचा असतो. शिकाऊ पोरं घाईत कोरडाच आवळतात. पाण्यात तो सैल होतो आणि रिकामा असतानाही चौदा किलोंच्या आसपास भरणारा ॲल्युमिनियमचा सिलिंडर पाटीला मागेपुढे हलवतो. मधे रेती असेल तर ती कानस होते. भेगेवर आतून पॉलिथीन, वरून गोंद आणि छोटं ठिगळ असंच काम केलं. या वेळी गोंदाला पूर्ण दोन दिवस दिले. हवा संध्याकाळ ते संध्याकाळ तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रक्टरने तलावात खोल बाजूला अर्धा तास तरंगून पाहिलं. वजनही टाकून पाहिलं.

हवा भरायची नळी, तिचं बटण आणि व्हॉल्व्हचं आतलं काम आम्ही केलं नाही. ते प्रशिक्षित तंत्रज्ञाचं काम. बिलाच्या मागे काय केलं आणि कशाला हात लावला नाही, हे दोन्ही लिहून दिलं. बिल १८५० रुपयांचं झालं, त्यात निम्म्याहून जास्त वेळेचे पैसे. नवं जॅकेट तीस हजारांच्या पुढे जातं. त्या शुक्रवारी तो भाड्याचं जॅकेट घेऊन मालवणला गेला होता. सुरुवातीला थोडा नाराज होता, पण त्याने घाई केली नाही, हे मला मनापासून आवडलं.

जूनमध्ये, समुद्र बंद झाल्यावर, तो त्याच्या क्लबमधलं आणखी एक जॅकेट घेऊन आला. बाहेरून उत्तम. डम्प व्हॉल्व्ह उघडला तर आंबट वास आला आणि बोटाला चिकट पापुद्रे लागले. दमट कोठीत घडी करून ठेवलेल्या जॅकेटचा आतला थर विघटित झाला होता. एकदा थर असा सुटायला लागला की तो एका जागी थांबत नाही. आज इथे चिकटवाल, उद्या तिथे उचकटेल, आणि पापुद्रे व्हॉल्व्हमध्ये अडकून तो उघडा राहील ते वेगळंच. तो म्हणाला, "काका, फक्त तलावापुरतं?" तलावातही माणूसच असतो. मी ते हातात घेतलं नाही. त्याच्यासमोरच त्याचे पट्टे, बकल आणि डी-रिंगा कापून काढून दिल्या, म्हणजे बाकीचं कुणी चुकून वापरणार नाही.

पहिलं जॅकेट सप्टेंबरअखेर तपासणीला परत आलं होतं. कमान पक्की होती. तळाच्या ठिगळाची एक कड नखाएवढी उचकटली होती, शहाबादीचाच प्रताप. ती पुन्हा बसवली आणि पाटीखाली पातळ निओप्रीनचा तुकडा घातला. आता तो पोरांना काठावर बसवण्याआधी फरशीवर जुनी रबरी चटई टाकतो. आतल्या लेबलवर मास्तरांनी पेनने तारीख आणि "पाटी काढून पाहिलं" एवढं लिहिलंय.